लाल शाईतली अट

बाबा : घडी उघड की मग. नुसती रेघ दाखवून सही मागतेस, मी काय बँकेतला साहेब आहे?

ठकू : सहलीचा फॉर्म आहे, बाबा. वर नुसते नियम आहेत. इथं करा, बोटाजवळ.

बाबा : कसली सहल?

ठकू : कॉलेजची. शनिवारी.

बाबा : कॉलेजनं कागद बराच भारी वापरलाय.

ठकू : करा ना. तुमची जेवायची सुट्टी संपेल.

बाबा : ठकू, बावीस वर्षं छापखाना चालवतोय मी. हा फिकट पिवळा कागद गावात दुसऱ्या कुणाकडे नाही. कुणी घेत नव्हतं म्हणून सगळा गठ्ठा मीच उचलला. आणि कडेची ही बारीक काळी रेघ बघ. आपल्या जुन्या मशीनचा रोलर बिघडल्यापासून ती उमटते. हा फॉर्म मी छापलाय. गेल्या मंगळवारी.

(ठकू कागदाची घडी उघडते.)

ठकू : मला वाटलं, ते लोक दुसरीकडून छापून घेतात.

बाबा : आपल्याच दुकानातला माल आपल्यालाच विकायला आणलास!

ठकू : रागावलात?

बाबा : अजून कळत नाहीये. हा त्या संस्थेचा कार्यक्रम ना, समलिंगी मुलामुलींसाठी काम करते ती? गाणी, नाटुकलं, मग निधी गोळा करायचा. अठराच्या आतल्यांना पालकाची सही हवी, आणि सोबत मोठं माणूस.

ठकू : पाठच आहे तुम्हाला.

बाबा : छापायचा मजकूर मीच जुळवलाय. सोबत येणाऱ्याचं नाव... ही ताई कोण?

ठकू : मैत्रिणीची मोठी बहीण.

बाबा : तिला माहीत आहे?

ठकू : काय?

बाबा : जे मला माहीत नाही ते.

ठकू : हो.

बाबा : आणि मैत्रिणीला?

ठकू : तिलाही.

बाबा : म्हणजे मीच तेवढा राहिलो.

ठकू : तुम्ही आणि आई. बाबा, मला मुली आवडतात. तशा. झालं, बोलले. आता नका करू सही, हवं तर.

बाबा : थांब. पाणी पी आधी. आण, मलाही दे.

ठकू : ती अट किती बिनडोक आहे माहितीय? ज्यांना घरी सांगता येतं त्यांनाच आत सोडणार. बाकीच्यांनी अठरा होईपर्यंत कुठं जायचं? आणि वर लाल शाईत, डोळ्यात खुपेल अशी.

बाबा : लाल शाई माझी.

ठकू : म्हणजे?

बाबा : संस्थेच्या बाई आल्या होत्या मजकूर घेऊन. गेल्या वर्षी म्हणे एका मुलीचा काका तिला शोधत आला, दारात आरडाओरडा केला, हात धरून ओढत नेली. म्हणून अट घालतोय म्हणाल्या, पण मनाला पटत नाही. मी शहाणपणा केला. म्हटलं, न पटायला काय झालं? ठळक छापू, लाल शाईत. पोर कुठं जाते ते घरच्यांना कळायलाच हवं.

ठकू : मग बाई काय म्हणाल्या?

बाबा : म्हणाल्या, घर कसं आहे त्यावर आहे. मला वाटलं, आपलं घर चांगलंच आहे की. जरा फुशारलोच. पण तुला जायचंय कशाला? गाणी ऐकायला?

ठकू : म्हातारी माणसं बघायला.

बाबा : आँ?

ठकू : माझ्यासारखी, पण म्हातारी झालेली. चष्मा, गुडघेदुखी, सगळं. मोबाईलवर दिसतात ती सगळी पंचविशीतली. पुढं काय होतं ते मला बघायचंय. दोन आज्या येतात म्हणे दरवर्षी. तीस वर्षं एकत्र राहतायत आणि अजून पंखा किती वर ठेवायचा यावरून भांडतात.

बाबा : म्हणजे संसार खराच आहे.

ठकू : हसू नका.

बाबा : नाही हसत. अजून काय?

ठकू : काही नाही.

बाबा : वेणीचं टोक ओढायला लागलीस. बोल.

ठकू : निधी ज्या घरासाठी जमवतायत ना, तिथं घरातून काढलेल्या मुलांना ठेवतात. त्याचा पत्ता कुठंच छापत नाहीत. समोर भेटून विचारावा लागतो.

बाबा : आणि तुला तो कशाला हवा?

ठकू : असाच. असू द्यावा जवळ.

बाबा : आमच्यामुळे?

ठकू : तुम्ही काढालच असं नाही म्हणत मी. मला माहीत नव्हतं, एवढंच. तुम्ही यावर कधी बरं-वाईट काही बोललाच नाहीत.

बाबा : नाही बोललो. खरंय. शेकड्यानं फॉर्म छापले आणि घरी येऊन गप जेवलो. माझी पोर दुसऱ्या घराचा पत्ता शोधत होती.

ठकू : रडू नका ना, बाबा. मलाही येतं मग.

बाबा : येऊ दे. पेन कुठंय?

ठकू : सही करताय?

बाबा : आधी या ताईचं नाव खोडतो. तिला म्हणावं, बाबांनी आभार सांगितलेत. सोबत मी येणार.

ठकू : तुम्ही? तिथं?

बाबा : का, म्हाताऱ्यांनाही अट आहे का? कोपऱ्यात बसेन. चारचौघांत तुझी लाज काढणार नाही.

ठकू : तुम्ही मोठ्यानं शिंकता.

बाबा : बाहेर जाऊन शिंकेन.

ठकू : आणि आई?

बाबा : तिला तू सांगायचं, तुला वाटेल तेव्हा. मी शेजारी बसतो. पण शनिवारी कुठं निघालात असं तिनं विचारलं, तर माझ्याच्यानं थाप मारवणार नाही.

ठकू : म्हणजे शुक्रवारपर्यंत.

बाबा : शुक्रवारपर्यंत.

ठकू : बाबा, ज्यांना सही मिळणार नाही त्यांचं काय?

बाबा : ते मला सुटत नाही, ठकू. बाईंनाही सुटलेलं नाही. शनिवारी त्यांच्याशी बोलतो. निदान लाल शाईबद्दल माफी तरी मागतो. ही घे, झाली सही. खाली एक रकाना राहिलाय. पाल्याचा पत्ता. तो तू भर.

ठकू : तुम्हीच लिहा ना. तुमचं अक्षर चांगलंय.

बाबा : तुझ्याच अक्षरात हवा. सावकाश लिही. आपल्या घराचा, पूर्ण.