चिंचेवरचे बगळे आणि मुंग्यांची पावडर

मुंग्या लागू नयेत म्हणून मी बगळ्याच्या अंड्यांवर मुंग्यांची पावडर भुरभुरवली, आणि तीच अंडी धुळ्याच्या कॉलेजात विष तपासायला गेली. हसा, हसा, मी काही रागावत नाही, माझी नातवंडं तर हे ऐकताना जेवणाचा घास खाली ठेवतात.

माझं माहेर साक्रीकडचं, डोंगराच्या अंगाला, पावसावरची शेती, बाजरी म्हणा, नागली म्हणा, भुईमूग म्हणा, पिकावर काही मारायचं असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं, कीड पडली की आमचे आबा चुलीतली राख उधळायचे आणि घरी येऊन झोपायचे. तिथून लग्न होऊन आले एरंडोलच्या बाजूला, कपाशीच्या मुलखात, श्रावण लागला की बठ्ठा, म्हणजे सगळा, शिवार औषधाच्या वासाने भरलेला, आणि काय सांगू तुम्हाला, मला तो वास आवडायचा. मला वाटायचं, हा श्रीमंतीचा वास. माहेरी गेले की बहिणींपुढे मिरवायची, आमच्याकडे पाठीवर पंप बांधून फवारतात बाई, तुमच्यासारखी राख नाही. सातवी पास होते ना, शहाणपण नुसतं सांडत होतं.

त्या मिरवण्यात एकच गोष्ट कमी होती. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोर पोटातच गेलं. आमच्या सासूबाई, त्यांना सगळं गाव अक्का म्हणायचं, तोंडाने तिखट, वाईट नव्हत्या पण तिखट, पाहुण्यांसमोर म्हणायच्या, हिना पोटले धीर नहीं. मी ऐकायची आणि मलाही ते खरं वाटायचं. माझं पोट उतावळं, मीच उतावळी, असं धरून चालले होते. आणि मग तिसऱ्यांदा दिवस राहिले, तेव्हा भीतीने मी कोणाशी धड बोलेना, पोटावर हात ठेवायचीसुद्धा चोरी, जणू हात लागला तर तेवढ्यानेही ते निघून जाईल.

त्याच पावसाळ्यात शैला मॅडम आल्या. धुळ्याच्या कॉलेजातल्या, खांद्याला पिशवी, गळ्यात दुर्बीण, आणि डॉक्टर होणार आहे म्हणाल्या. झालं, ही कुटुंबनियोजनाची ऑपरेशनवाली आली म्हणून अर्ध्या गल्लीतल्या बायांनी आतून कड्या लावल्या. मग कळलं की ही माणसांची डॉक्टर नाही, हिला आमच्या घरामागच्या चिंचेवरचे बगळे बघायचे आहेत. अक्का म्हणाल्या, शिकीसन बगळा मोजानं शे तर आम्हनं घरनं म्हसरं मोजाले काय वाईट.

मॅडमनी मला चिंचेखाली बसवून समजावलं. हे बगळे दिवसभर बैलांच्या मागे, नांगराच्या मागे फिरतात, कपाशीतल्या अळ्या, नाकतोडे खातात. आपण फवारतो आणि विसरतो, ते मात्र नाकतोड्यातून बगळ्याच्या अंगात जातं, अंगातून अंड्यात. शेतात किती विष मुरलं हे शेत काही सांगत नाही, अंडं सांगतं. म्हणून खाली पडलेलं, टाकून दिलेलं अंडं दिसलं की उचलायचं, कापसात ठेवायचं, धुवायचं नाही, पुसायचं नाही, काही लावायचं नाही. बाजाराच्या दिवशी मी येऊन नेईन.

मी मान डोलावली. एवढी मान डोलावली की मॅडमना वाटलं असेल, हुशार बाई मिळाली.

अंडी मिळायची, निळसर, पांढरट, बरीचशी पिचकलेली. पिचकलेल्या अंड्याला लाल मुंग्या लागल्या. आता मला सांगा, शिकलेल्या बाईच्या हातात मुंग्या लागलेलं अंडं कसं द्यायचं, आपल्या घराची अब्रू आहे की नाही. स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात पावडरीचा डबा होता, त्यातली चिमूट, चिमूट कसली, मूठच म्हणा, अंड्यांवर सोडली, देवावर बुक्का उधळावा तशी. पावडर काही लावण्यात मोडते हे डोक्यात आलंच नाही, मीठ घालतो तशी घातली.

बाजाराच्या दिवशी मॅडम ती अंडी घेऊन गेल्या. पुढे परत आल्या त्या एस.टी.तून उतरल्यावर सरळ आमच्या ओट्यावर. म्हणाल्या, ताई, आमचे सर विचारतात, हा बगळा शेतात चरत होता की औषधाच्या दुकानात. अंडी कशी ठेवली होती सांगाल का. मी पदर सावरून ऐटीत सांगितलं, एक मुंगी लागू दिली नाही मॅडम, पावडरच टाकली होती. मॅडम ओट्यावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्यांना बघून मीही हसले, का ते न कळता.

मग म्हणाल्या, कोणती पावडर, दाखवा बरं. मी आत नेलं, कोनाडा दाखवला, खाली पिठाचा डबा, बाजूला ज्वारीची कोठी. आणि मॅडमचं हसणं थांबलं. दाण्यालाही हीच लावता का. हो, दरवर्षी, किडे होत नाहीत. कोण चोळतं. मीच, हाताने. फवारणीचे कपडे कोण धुतं. मीच. पंपाला पाणी कोण भरतं, औषध कोण ढवळतं. आता घरात दुसरं कोण आहे, मीच की.

मुलं किती, त्यांनी विचारलं. चुलीपुढून अक्काच बोलल्या, दोन गयात, हिना पोटले धीर नहीं, आते तिसरं शे, देव जाणे.

मॅडमनी पावडरीचा डबा उचलून पिठापासून लांब ठेवला. मग म्हणाल्या, अक्का, मी पक्ष्यांचं शिकते, बाईच्या पोटाचं मी छातीठोक सांगितलं तर ते खोटं होईल. पण माझ्या आईच्या स्वयंपाकघरात मी हा डबा राहू दिला नसता. एवढं बोलून त्या अक्कांना चिंचेखाली घेऊन गेल्या, मीही मागोमाग. पाल्याच्या ढिगावर ताजं पडलेलं एक अंडं उचलून त्यांनी अक्कांच्या तळहातावर ठेवलं. अक्कांनी आयुष्यभर खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवलेल्या, अंडं त्यांना हातात धरूनच कळायचं. अंगठ्याने नुसतं चाचपलं तर कवच आत गेलं, पापडासारखं. मॅडम म्हणाल्या, ऊब द्यायला बगळी वर बसते आणि तिच्याच वजनाने हे असं पिचतं.

अक्कांनी पिचकलेलं अंडं जपून पाल्यावर ठेवलं. मग हळूच विचारलं, म्हणजे बगळीनी काही चूक नहीं?

मॅडम म्हणाल्या, तिची कसली चूक, ती तर बसलीच होती.

त्याच संध्याकाळी अक्कांनी पावडरीचा डबा विहिरीपासून लांब, बांधाच्या टोकाला खड्डा करून पुरला, कोनाडा शेणाने सारवला, कोठीतली ज्वारी बाहेर काढून गोण्यांत बांधली आणि घरी खायला शेजारच्या आळीतून दुसरी आणली. मी मध्ये हात लावायला गेले तर सूप ओढून घेतलं, बस.

माझी लेक माघात झाली. पूर्ण दिवस भरून, चांगली ओरडत आली. आता ती शिंदखेड्याला मास्तरीण आहे, तिला दोन पोरं, आणि ती मला म्हणते, आई, पावडरीने झालं की नशिबाने झालं हे तुला तरी काय माहीत. खरं आहे, मला काय माहीत. मॅडमनाही माहीत नव्हतं. चिंच अजून आहे, बगळेही येतात, थोडे कमी येतात. अक्का नाहीत.

पण ती सारवलेल्या कोनाड्याची दुसरी सकाळ मला दिसते. फवारणी होती, आमचे हे पाठीवर पंप घेऊन पुढे गेलेले, आणि मी नेहमीसारखी हंडा घ्यायला आले तर हंडा जागेवर नाही. बाहेर बघते तर अक्का. म्हाताऱ्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, लुगडं वर खोचलेलं, शेताच्या वाटेला लागलेल्या. मी धावत गेले, म्हटलं, अक्का, तुम्ही नका, मला द्या, तुमच्याही अंगाला ते औषध लागेलच ना. त्या थांबल्या, मान वळवता येत नव्हती म्हणून हंड्यासकट अख्ख्या वळल्या, आणि माझ्या पोटाकडे बघून म्हणाल्या,

माले आते कोनतं अंडं उबवनं शे? तू घरमा बठ.