कृपया लहान मुलांना सोबत आणू नये

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील लेखक आणि प्रकाशक मंडळी, समोर बसलेले रसिक वाचक, आणि... सवयीने पुढे 'बालमित्रांनो' म्हणणार होतो, पण ते इथे नाहीत. का नाहीत, ते येईलच पुढे.

आजच्या सत्कारमूर्ती, ज्यांना आपण सगळे नुसतं 'बाई' म्हणतो, त्यांची खुर्ची रिकामी आहे. सूत्रसंचालकांनी मघाशी सांगितलं की बाई वाटेत आहेत. त्यांचा दोष नाही, तसं सांगायला मीच लावलं. बाई केव्हाच आल्यात. बाहेर पायऱ्यांवर बसल्यात. कुजबुज नको, सगळं सांगतो. पण आधी त्यांच्या कामाबद्दल बोलू द्या, त्याशिवाय माझी लाज तुम्हाला नीट कळायची नाही.

मुलांच्या पुस्तकांची समीक्षा हे काम आपल्यात कोण करतं? ज्याला मोठ्यांची पुस्तकं मिळत नाहीत तो! बाई आमच्या बालमासिकात आल्या तेव्हा मीही असंच समजत होतो. त्यांना कोपऱ्यातलं डुगडुगतं टेबल दिलं आणि म्हटलं, पुस्तकं चाळा, चार बऱ्या ओळी लिहा. बाई म्हणाल्या, "साहेब, मी चाळत नाही. आधी मुलांना वाचून दाखवते, मग लिहिते."

आणि आयुष्यभर त्यांनी तेच केलं. पुस्तक हातात आलं की व्हरांड्यात शेजारपाजारची पोरं गोळा करायची, मोठ्याने वाचायचं आणि नजर ठेवायची पोरांच्या पायांवर. तोंडं पाहुण्यांसारखी वागतात म्हणायच्या, पायांना ते जमत नाही. पायांची चुळबुळ सुरू झाली की त्या पानाचा कोपरा दुमडायचा. मग रात्रंदिवस त्या पानामागे लागायचं, लेखकाचा हात नेमका कुठे सुटला ते सापडेपर्यंत. एक ज्येष्ठ लेखक (आज व्यासपीठावर आहेत, हसतायत, म्हणून सांगायचं धाडस करतो) एकदा तणतणत कचेरीत आले. "बाई, इतकी वर्षं लिहितोय, आणि तुम्ही माझं पुस्तक पोरांच्या पायांनी वाचलंत?" बाईंनी चहाचा कप पुढे सरकवला. "पायांनीच वाचलं. चौथ्या प्रकरणात सगळी पोरं पाणी प्यायला उठली. तिथे उपदेश केलाय का, जरा बघा." लेखकमहाशयांनी तिथल्या तिथे पुस्तक उघडलं. दोन पानं उपदेश निघाला.

'हे पुस्तक पालकांना फार आवडेल' हा बाईंचा सगळ्यात कडक शेरा. एका प्रकाशकांनी तोच कौतुक समजून जाहिरातीत छापला. नाव घेत नाही, ते माझ्या उजव्या हाताला बसलेत.

पण बाईंनी स्वतःलाही कधी सोडलं नाही. एका पुस्तकाला त्यांनी रटाळ ठरवलं होतं. महिन्याभराने पोरांनी तेच पुस्तक पुन्हा मागितलं. पुढच्या अंकात बाईंच्या सदराची पहिलीच ओळ होती, 'मी चुकले.' मी म्हटलं, कशाला लिहिता, कोण लक्षात ठेवतंय? तर म्हणाल्या, "पोरं ठेवतात."

अशा बाई उद्या सकाळच्या गाडीने लेकीकडे कायमच्या राहायला निघाल्यात. गुडघे ऐकेनासे झालेत. म्हणून हा निरोपाचा घाट. निमंत्रणपत्रिका मी लिहिली, पुन्हा पुन्हा तपासली. तिच्यात तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आहे. 'कृपया लहान मुलांना सोबत आणू नये.' सभागृहवाल्यांनी तसं सांगितलं नव्हतं. गालिचा नवा आहे, भाषणांचं ध्वनिमुद्रण व्हायचंय, उगाच गोंधळ नको, म्हणून ती ओळ मलाच सुचली. तुमच्यापैकी कुणालाही ती खटकली नाही. पण तुमच्या आड मी लपणार नाही.

बाई आज व्हरांड्यातली सगळी पोरं घेऊन आल्या. धुतलेले कपडे, विंचरलेली डोकी. दारावरच्या माणसाने पत्रिकेवर बोट ठेवलं. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? बाई भांडल्या नाहीत. पिशवीतून पुस्तक काढलं, पायरीवर बसल्या आणि वाचायला लागल्या.

मला कळलं तसा धावत गेलो. म्हटलं, "बाई, आत चला. मुलांनाही घेऊ, मागे उभी राहतील." मागे उभी राहतील! मंडळी, त्या क्षणीसुद्धा माझ्या तोंडून हेच निघालं. बाई म्हणाल्या, "गोष्ट अर्ध्यावर आहे." एका मुलीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बाई, हे आजोबा कोण?"

"संपादक आहेत. मुलांचं मासिक काढतात."

"मग आमच्यात का नाही बसत?"

मी काय केलं असेल? तिथे टेकलो असतो, तर सगळं निभावलं असतं. मी घड्याळ पाहिलं आणि आत आलो, कारण माझं भाषण होतं. तेच हे भाषण. अंगाची लाहीलाही होतेय म्हणतात ती संतापानेच होते असं नाही, शरमेनेही होते, हे मला आज या व्यासपीठावर कळलं. समोर बाईंना द्यायचं मानपत्र आहे. त्यात 'बालकांच्या विश्वाशी एकरूप झालेल्या' असं मीच लिहिलंय. ते माझ्याच्याने वाचवणार नाही.

अध्यक्षमहोदय, आपण वेळात वेळ काढून आलात, आभारी आहे. पाहुण्यांचे, कार्यकर्त्यांचे, आपल्या सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटी वक्त्याने बोलण्यातलं उणंअधिक सांभाळून घ्या म्हणायचं असतं. आज तुम्ही मला सांभाळून घेऊ नका. ज्यांची माफी मागायची ते बाहेर आहेत. म्हणून आपली परवानगी गृहीत धरून मी खाली उतरतो. ज्यांना यायचंय त्यांनी माझ्याबरोबर यावं आणि मुलांच्या मागे जागा मिळेल तिथे बसावं. फक्त बाई वाचत असतील तर मध्ये कुणी बोलू नका. मीही बोलणार नाही. गोष्ट संपल्यावर, मुलांनी बोलू दिलं, तरच बोलेन.