अंडे ताजे व्हते

— न्हाई न्हाई, उठू नका कडूबा भाऊ, च्या टाकलाय तिनं आतमधी, घेतल्याबिगर कुटं जाता. आन् सायकल ऱ्हाऊ द्या लिंबाखालीच, कोन नेतंय तुमची सायकल. आज काय मी तुम्हाला अंडे घ्यायला न्हाई बोलावलं. मपलं काम हाये तुमच्याकडं. येवढंच — एक शब्द बोलायचा. आता घंटाभरात धर्मराज यीन, माह्या सुनंचा भाऊ, तिला न्यायला. काडीमोड हाये आज. पंच म्हनले, सोनूबाई, तुमचं म्हननं बराबर हाये, पन पोरीचा भाऊ म्हनून राह्यला का अंडेच नासके असतीन, माह्या बहिनीचा काय दोष. म्हून मी म्हनलं, ज्याच्याकून घेतले त्यालाच उभा करते. तुम्ही त्याच्या तोंडावर सांगायचं — अंडे ताजे व्हते. बस. मंग तुम्ही मोकळे, मी मोकळी.

कोनते अंडे? अवो असं काय करता, कुंभार पिंपळगावच्या बाजारात न्हाई का मी तुमच्याकून तेरा घेतले, निवडून निवडून! एकेक उन्हाकडं धरून पाह्यलं तवा तुम्ही हासले बी, म्हनले मावशी, खायचे हायेत का सोयरीक करायची हाये त्याह्यच्याशी. तवा मी काय बोलले न्हाई. घरातली गोष्ट चार लोकांत कशाला बोला. आता सांगते. आमच्या घरात रीतच हाये ही. लगीन होऊन तीन-चार साल झाले आन् कूस न्हाई उजवली, तर सुनंला अंडे मांडायला लावायचे. तिच्या पदरात तेरा घालायचे, तिनंच आपल्या हातानं टोपल्यात मांडायचे, खुडूक कोंबडी वर बसवायची आन् एकवीस दिस तिनंच राखायचं. पिल्लं निंगाले तर बाई फळती, रहा बाई घरात. न्हाई निंगाले तर माहेरची वाट धर. मला बी बसवलं व्हतं माह्या सासूनं, मला काय सोडलं का! एकवीस दिस घास उतरला न्हाई माह्या घशाखाली. येता-जाता टोपल्याला कान लावायचे. इसाव्या दिवशी आतून टकटक ऐकू आली — खरं सांगते भाऊ, तितंच बसून ढसाढसा रडले मी. अकरा निंगाले. आन् वरीसभरात बद्रीनाथ झाला. तवा मी सोसलं तर हिनं का न्हाई सोसायचं? ही काय राजाची लेक हाये?

आता तुमच्याकूनच का घेतले, तर घरचे अंडे व्हते कुटं. मानमोडी आल्ती न्हाई का दिवाळीच्या मागं, साऱ्या गावातल्या कोंबड्या माना टाकून मेल्या. सकाळचं आरवायला एक कोंबडा राह्यला न्हाई गावात. माही एकली लाल कोंबडी वाचली, तीच खुडूक बसली. मंग म्हनलं अंडे तरी चांगले आनावं, हलक्या-सलक्याचं काम न्हाई, लेकाच्या संसाराची गोष्ट हाये. तुमच्या फारमचे अंडे मोठे, पांढरेफेक, एकसारखे. गावरान अंडं असतं बारकं, कवाचं असन काय सांगावं. ह्याह्यच्यात बोलायला जागाच नको कोनाला. तुम्ही सवता म्हनले, मावशी, कालचेच हायेत. म्हनले का न्हाई? हां. तेच सांगायचं.

बसवले. टोपल्यात भुसकट, ईज कडाडली तर अंडे मरू नये म्हून मधी लोखंडाचा खिळा, समदं रीतीनं. आन् कौसल्येला सांगितलं, आता ह्या टोपल्यापून हालायचं न्हाई. तितंच झोप, तितंच खा. खायला एक टाइम. दोन टाइम कशाला, बसून तर राह्यची. माघाची थंडी व्हती, गोधडी मागितली तिनं. मी म्हनलं, कोंबडीला कुटं गोधडी हाये? ते बी माय व्हायला बसली, तू बी बस. हासू नका भाऊ — हां, हासले न्हाई का, मला वाटलं हासले. अठराव्या दिवशी कोमट पान्यात अंडे सोडून पाह्यले. आत पिलू असन तर अंडं हालतं, तुम्हाला तर ठावं असन. एक हालंना. मंग मी काय केलं, त्यातले चार तिच्या पोटाला बांधले लुगड्याच्या पट्टीनं. म्हनलं, घे, तुही ऊब दे. तीन दिस उताणी निजली बाई, कूस बदलायची सोय न्हाई. आन् येडी ती, बोलायची त्याह्यच्याशी! मी कानानं ऐकलं. निंगा रे बाबाहो, म्हनायची, मला ठेवून घ्या हितं. अंड्याला हात जोडायची. मला हासू बी ये आन् राग बी ये.

बाविसाव्या दिवशी आळीतल्या बायका बोलावल्या. उद्या कोनी म्हनू नये, सोनूबाईनं लबाडी केली. तिच्याच हातानं एकेक फोडायला लावलं आंगनात. पह्यलं फोडलं — नुसतं पानी आन् पिवळं. दुसरं तसंच. पाचव्याला शेजारची सगुणाबाई म्हनली सोनूबाई बास करा, मी म्हनलं बास कशाला, तेरा मांडले तेरा फोडीन. तेरा फोडले. अवो, मेलेलं पिलू तरी निंगावं! रगताची रेघ बी न्हाई एकात. कोरे. आन् त्याच दिवशी कोंबडी कापली, तिला काय पूजायची हाये. पिसं हिलाच उपटायला लावले. कोंबडीनं लळा लावल्ता ना हिला, रडून राह्यली उपटताना. जेवली न्हाई त्या दिवशी, नखरे.

काय म्हनले? बद्रीनाथ? तो मळ्यात हाये. लगीन झाल्यापून मळ्यातच झोपतो, राखन करावी लागती. उन्हाळ्यात बी करावी लागती, त्याच्यात काय इचारायचं. भोळा हाये माहा लेक. ही म्हनून राह्यल्ती, दोघं मिळून जालन्याच्या दवाखान्यात जाऊ. दोघं! तिच्या तोंडात मारली मी. माह्या लेकाला कशाला दवाखाना, त्याला काय धाड भरली? — हां, पह्यली व्हती एक. साळू. ते दुष्काळाच्या आधी. तिला बी काढली, कोनी सांगितलं तुम्हाला? तिला काय, तिकडं दोन पोरं झाले म्हनत्यात. असन. माती बदलली का कुनाकुनाला फळतं. आता तिसरी पाह्यली, फाल्गुनात बार उडवून देते. ह्या खेपंला दनकट पाह्यली.

का हो, चुळबुळ का करून राह्यले? बोला की. अंडे ताजे व्हते ना? — व्हते. मंग झालं तर. — पन काय? तेरा कोरे निंगायचेच, असं का म्हनता?

काय?

परत बोला. तुमच्या फारमात कोंबडा न्हाई? म्हंजे हल्ली न्हाई का — कवाच नव्हता? येवढ्या दीडशे कोंबड्या आन् एक नर न्हाई? मंग अंडे देत्यात कशा? देत्यात. दाना खाऊन देत्यात. नुसते खायचे अंडे. बिलकुल उबत न्हाईत. — कोनाच्या बी हातानं मांडले तरी? माह्या हातानं मांडले असते तरी? दहा कोंबड्या बसवल्या असत्या, जनमभर बसवल्या असत्या तरी —

हळू बोला. आत हाये ती.

हकीम बी असाच खाली मान घालून बोल्ला व्हता. — कोनता हकीम काय, व्हता एक, मेला आता. बद्री सोळा वरसाचा व्हता, गालगुंड झाल्ते त्याला. दोन्ही गाल टम्म. मंग ती सूज खाली उतरली, अशा जाग्यावर का पोरगं लाजंनं सांगंना. लोळायचं, वरडायचं. आठ दिवसानं हकीम मला म्हनला, माय, लगीन करा पोराचं, पन नातवाची आस ठेवू नका. मला एकलीलाच म्हनला. मी कोनाला सांगितलं न्हाई. मालकाला न्हाई सांगितलं, ते तसेच गेले. बद्रीला न्हाई सांगितलं. मला वाटलं, हकीम काय देव हाये? चुकत असन. साळूच्या वक्ती वाटलं चुकत असन. हिच्या वक्ती रोज वाटलं. एकवीस दिस मी बी त्या टोपल्याला कान लावून राह्यल्ते भाऊ, ही झोपली का चोरून. मला का सुख व्हतं? बायको वांझ निंगाली तर बायको बदलता येती. लेक कशानं बदलू मी? सांगा ना, कशानं बदलू? त्याला सांगू का, तू असा हायेस म्हून? हिरीत उडी टाकीन तो. त्याच्यापरीस ह्या जातीन माहेरी. माहेर तर हाये त्याह्यला.

न्हाई. न्हाई, आता उठायचं न्हाई. बसा खाली. मी काय तुम्हाला खोटं बोलायला लावून राह्यले? अंडे ताजे व्हते का न्हाई? व्हते ना? मंग तेवढंच सांगायचं. कोंबड्याचं तुम्ही आपल्या तोंडानं काढायचं न्हाई. धर्मराज इचारनार न्हाई. कोंबड्याचं कोन इचारतंय? साळूच्या बापानं न्हाई इचारलं, पंचाह्यनी न्हाई इचारलं. आन् तुमची जीभ जर का घसरली ना, तर येत्या बाजारात तुमच्या पाटीम्होरं उभी राहून बोंब मारीन — ह्या मानसाचे अंडे नासके, माह्या सुनंची कूस ह्यानं मारली. बायकांना फारमाची अक्कल न्हाई, तुम्ही समजावत बसा मंग. लेकरंबाळं हायेत ना तुम्हाला? हां. मंग.

कौसल्या! कवाची उभी हाईस गं तितं कपबशी धरून? — ठेव तो च्या. ऐकलं तर ऐकलं. तुह्यावर कोन इस्वास ठेवीन, तेरा अंडे तूच फोडले साऱ्या आळीम्होरं.

ये ये, धर्मराज, बस. पानी दे गं त्याला. हे कडूबा भाऊ, ह्याह्यचेच अंडे व्हते. माह्यावर इस्वास नसन तर ह्याह्यलाच इचार. — सांगा भाऊ. — ए पोरी, त्याह्यच्या तोंडाकडं काय बघून राह्यली, खाली बघ. — सांगा की. — जोरात सांगा, त्याला ऐकू गेलं न्हाई.

हां. ऐकलं धर्मराज? मिटलं मंग. उचल तिची पेटी आन् जा जल्दी. भाऊ, तुम्ही बी निंगा. च्या ऱ्हाऊ द्या आता तो. आन् बाजारात दिसले तर मला वळख देऊ नका.