टेबल हललं

दवाखान्यात नंबरची वाट पाहत बसलेल्या शिंपीणबाईंच्या पायाशी लाकडी ठोकळा येऊन पडला. समोर क्रेनवाला आणि त्याचा गवंडी मित्र मुलांच्या ठोकळ्यांचा मनोरा रचत होते. तो धाडकन कोसळला होता.

"टेबल हललं," क्रेनवाला म्हणाला.

"गेल्या रविवारीही टेबलच हललं होतं."

"हसू नकोस."

"हसतोय कोण? हात दाखव."

"थंडीने कापतोय रे."

"मला इथे घाम फुटलाय! डॉक्टरांना सांग."

"वेड लागलंय? क्रेनवरून उतरवतील. परवान्यासाठी ते फक्त डोळे तपासतात."

"उद्या काय उचलायचंय?"

"लोखंडी तुळया."

"खाली कोण असणार?"

"आपलीच माणसं."

"बोल ना. कोण?"

"तूच."

आतून क्रेनवाल्याला हाक आली. बाईंनी ठोकळा पुढे केला. त्याने तो घेतला नाही. दोन्ही हात खिशात घालून तो आत गेला.