साहेब येणार म्हणून सारवलेलं घर

—आवो पन भाऊसाहेब, 'नुकसान नाही' असं कसं लिवता? बसा. बसा की खुर्चीवर, तुमच्यासाठीच मांडलीया. गाव फिरून पाय दुकले असतील. चहा टाकलाय, उकळी फुटली बगा. तुमी दारात उभं राहून मोबाईलात फोटू काढला, घर लख्ख दिसलं, आन म्हनता, छबूबाई, तुमच्या घरात पानी शिरलंच न्हाई. शिरलं की वो! नदी आली तवा हितं, ह्या खिडकीच्या गजापातूर पानी हुतं — मी देवळाच्या गच्चीवर बसून आपलंच घर बगत हुते, पत्रा आन खिडकीच्या वरली भिंत तेवढी दिसत हुती. मंग आता का दिसत न्हाई? सांगते की. मी सारवलं.

व्हय, सारवलं. हसू नका. देवळाच्या भोंग्यावर सरपंच वरडला — उद्या तलाठी भाऊसाहेब नुकसान बगायला येनार, समद्यांनी घरी थांबा. नुकसान बगायला येनार हे कळलं हुतं मला, येडी न्हाई मी. पन साहेबाला चिखलात उभं करायचं का? लेक म्हनलीच हुती — माझी ज्ञानेश्वरी, नगरला सावेडीत असती, कापडाच्या दुकानात कामाला — तिनं फोन केला, आई, कायबी हलवू नको, हाय तसं राहू दे. मी म्हनलं, तू गप. चुलीत गाळ, देव्हाऱ्यात गाळ, उंबऱ्यात मेलेली घूस — असं घर परक्या मानसाला दावू? ह्या घरातनं आजवर मानूस बिनचहाचा गेला न्हाई. घमेल्यानं गाळ उपसला, कंबर मोडून गेली. गोधड्या, कपडे, पिठाचा डबा, समदं नेऊन टाकलं, वास मारत हुतं वो. आन गाळ कुठं टाकावा म्हनत हुते, तवर वरल्या आळीचा श्रीमंत टॅक्टर घिऊन आला, म्हनला, छबूमावशी, भर ह्याच्यात, मी नेतो. म्हटलं, देवच पावला. — श्रीमंत नाव हाय त्याचं, तो बंगलेवाला की. तुमी सकाळी फोटू काढला न्हवं त्याच्या वट्याचा, चिखलानं भरलेला? त्याच्या बंगल्याला कुठलं पानी, टेकावर हाय त्यो. तो चिखल माझ्या घरातला हाय. खरंच सांगते. त्यात माझ्या झंपराची बटनं घावतील तुमाला.

भिंतीवर पान्याची रेघ हुती, नीट, आखल्यावानी. लई वंगाळ दिसायची, म्हनून तिच्यावर पांढऱ्या मातीचा हात दिला. ती रेघच पायजे हुती व्हय तुमाला? मला काय ठावं! जलमभर वंगाळ दिसंल ते झाकायला शिकलो आमी, आन तुमच्या सरकारला तेवढंच बगायचं असतंय. हात लावा भिंतीला. लावा की. वल लागती का न्हाई? नखानं खरवडून दावू? ... फोटूत वल येत न्हाई. बरं.

मशीन? हाय की, शिलाईची. तिच्यावरच माझं पोट. मालक गेल्यापासनं समद्या गावाची झंपरं मीच शिवते. ती मागं ताडपत्रीखाली ढकललीया — गंजून लाल झालीया, पायडल हालत न्हाई. म्हटलं, म्होरं कशाला ठेवायची, तुमाला बसायला जागा नको? चला, दावते, तिचा काढा फोटू. — फोटू वर गेला म्हंजी गेला? एका घराला एकदाच? आवो मंग त्या मोबाईलाला सांगा की, बाई चुकली म्हनावं, पुन्यांदा बग. ... तो ऐकत न्हाई. आन त्यो ऐकत न्हाई म्हनून तुमीबी न्हाई.

पन आयका. फळीवर भांडी दिसत्यात, कॉटवर गादी दिसती, म्हनून तुमी म्हनता सौंसार शाबूत हाय. ह्यातलं माझं काय हाय ठावं हाय का? कायबी न्हाई. गादी मागून आनलेली. तुमी बसलाय ती खुर्ची मागून आनलेली. तुमच्या हातातला कपसुदीक माझा न्हाई. मोकळ्या घरात मानसाला कसं बसवायचं, भकास दिसतं. खोटं वाटतं? थांबा, हे ताट उलटं करते — वाचा. भांडी घेताना दुकानात नाव घालून देत्यात न्हवं, तसं. काय हाय? 'गोजरबाई.' माझं नाव छबूबाई. हा तांब्या बगा — गोजरबाई. पातेलं — गोजरबाई. पटलं आता? माझी भांडी नदीनं नेली, एक उलथनं तेवढं बाभळीत अडकून घावलं.

गोजरबाई म्हंजी शेजारची की, तुमी आधी तिच्याच घरी गेल्ता. लई मायेची बाई. म्या नुसतं म्हनलं, साहेब येनार, घरात कप न्हाई, तर सवताहून पाटी डोक्यावर घिऊन आली. म्हनली, छबू, एवढ्यानं काय हुतंय, समदीच घे, फळी भरून टाक, साहेब येतील तवा माझ्या घरात नकोच ती—

म्हंजी... जागा न्हाई ना तिच्याकडं ठेवायला. असं. चहा घ्या की, गार हुतोय. काय हुडकताय मोबाईलात? तिनं काय सांगितलं मला कुठं ठावं. ... समदी भांडी वाहून गेली, असं सांगितलंय? तिनं? ... न्हाई वो, ही दुसऱ्या गोजरबाईची असतील. गावात कमी हायेत का गोजरबाया! ... बरं, न्हाईत. एकच हाय. पन भाऊसाहेब, तिची मागली भिंत खरीच पडलीया. तुमी बगितली न्हवं डोळ्यानं? शेरडं खरीच वाहून गेली, दावी तुटून. दोरी हातात धरून रडत बसलेली बाई बगितलीया मी. भांडी तेवढी वर माळ्यावर हुती म्हनून वाचली. बाई घाबरली, बोलली कायतरी. त्यानं पडलेली भिंत उभी राहती व्हय? खोडू नका. तिचं नका खोडू. मी बोललेच न्हाई असं समजा. ताट द्या हिकडं — फोटू कशाला काढताय ताटाचा? आता बरा निघतोय फोटू!

सही? माझी? कशावर? ... पंच म्हनून. ही भांडी गोजरबाईची, माझ्या समोर बगितली, असं. आन माझ्या घरात पानी हुतं, त्याला पंच कोन? त्याला अख्खं गाव हाय की, बोलवू का? ... त्याला जागा न्हाई. म्हंजी माझं बुडालं ते लिवायला तुमच्याकडं जागा न्हाई, आन तिचं खोडायला हाय. बरं, श्रीमंतच्या वट्यावर माझा गाळ हाय, त्याला हुते मी पंच. चला, लगीच चला, करते सही, मला सही येती. ... का वो? मान का खाली घातली? चहात काय पडलंय का?

न्हाई करनार. उचला तो कागद. माझं न्हाई लिवलं तर नका लिवू. पन तिची भांडी मी तिच्या गळ्यात बांधायची न्हाई. मी काय पंच झाले न्हाई, मी शेजारीन हाय तिची...

ये गं, गोजर. ये की, दारात का उभी? न्हाई, काय न्हाई. काय न्हाई झालं. साहेब निघालेच हायेत.

उठा, भाऊसाहेब. राहू द्या तो चहा. उठा की — खुर्ची तिची हाय.