बायकोच्या कंपनीचे बूट

— नाही हो ताई, साइझ बदलून नकोय मला. साइझ बरोबर आहे. तुमच्याच त्या दाढीवाल्याने मोजून दिलेली. त्या सरकत्या पट्ट्यावर चढवलं मला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला लावली, मागे कॅमेरा लावला आणि मग टीव्हीवर माझेच पाय मला दाखवले. म्हणे, सर, तुमचा उजवा पाय आत झुकतो. झुकतो तर झुकतो, इतकी वर्षं झुकतोय, कुणाची तक्रार आली नाही. तर ते राहू दे. बूट परत घ्या. दारावर पाटी आहे तुमच्या — पळून बघा, नाही आवडले तर परत करा. पळून बघितलं, नाही आवडले. कारण? कारण कशाला हवंय? कॉम्प्युटर पुढेच जात नाही कारण टाकल्याशिवाय? मग टाका काहीही. टाका, गिऱ्हाईक म्हातारा आहे आणि खवचट आहे. त्यात असं कारण नसेल, नाही का. त्यात असेल 'अपेक्षेप्रमाणे अनुभव आला नाही'. हां, तेच दाबा. अनुभव. तुमच्याकडे बूट कुठे मिळतात, अनुभवच मिळतात सगळे — ही भिंत बघा ना, फोटोच फोटो, आणि प्रत्येकाखाली चार ओळी. या बाई भूलतज्ज्ञ आहेत, यांना या बुटांत स्वतःचा सूर सापडला. हे गृहस्थ बँकेत मोठ्या हुद्द्यावर, यांना ढगावरून चालल्यासारखं वाटतं. ढगावरून कोण चाललंय हो आजवर? आणि मोजे — मोज्यांवर डावा-उजवा लिहिता तुम्ही. मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो, माझ्याकडे अगदी घाबरट माणसं येतात शिकायला, पण स्वतःचा डावा पाय कुठला हे विचारत अजून कुणी आलं नाही. तुमच्या गिऱ्हाइकांना ते लिहून द्यावं लागतं.

हसू नका, मी चेष्टा करत नाहीये. हे जे खूळ आहे ना, ते माझ्या घरात तुम्ही आणून सोडलंय. तुम्ही म्हणजे दुकानाने. आमची ही चष्म्याच्या दुकानात आहे, दिवसभर उभं राहायचं, लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवायच्या. टाच दुखायला लागली तिची. डॉक्टर म्हणाले, चांगले बूट घ्या. झालं, ही आली इथे. साधी टाच दुखते म्हणून आलेली बाई, तिला तुम्ही बूट दिलेत ते दिलेत, वर सांगितलंत की रविवारी सकाळी आमचा ग्रुप पळतो, या, फुकट आहे, वयाची अट नाही. फुकट. बूट घेतल्यावर रस्ता फुकट, केवढी मेहेरबानी. मला वाटलं, जाईल दोन रविवार आणि दमेल. ही तर आठवड्याच्या मधल्या दिवशीही जायला लागली. मग ते जाकीट आलं, नारिंगी. बाल्कनीत खुर्चीच्या पाठीवर वाळत घालते, गल्लीच्या तोंडापासून दिसतं. पूर्वी साधी उशीची खोळ घ्यायची तरी म्हणायची, अहो, घेऊ का? जाकीट थेट वाळत घातलेलंच दिसलं मला.

मी काही विरोध केला नाही हां. विरोध करणाऱ्यांतला मी नाही. थट्टा करायचो, ती काय नवरा-बायकोत चालतेच. मुलगी-जावई जेवायला आले होते, मी जावयाला म्हटलं, बघा जरा, तुमच्या सासूबाईंच्या मागे पोलीस लागलेत की काय, रोज पहाटे पळत सुटतात. सगळे हसले. जावई तर ठसका लागेपर्यंत हसला. ही पण हसायची आधी, असल्या गोष्टींना ती कायम हसत आलीय, तिचा स्वभावच तसा. त्या दिवशी नाही हसली. उठली आणि ताटं उचलायला लागली. माझं जेवण व्हायचं होतं अजून. माझ्यासमोरचं ताट नेलं तिने, आणि मुलगी माझ्याकडे बघतेय — काय बघतेय? मी काय केलं? एक वाक्य बोललो.

पाणी नको. — बरं, द्या.

तर मग मला वाटलं, बघावं तरी हा काय प्रकार आहे. संशय नाही, संशय हा शब्द वापरू नका, तुम्ही नाही वापरलात पण तुमचं तोंड तसं झालं. एका रविवारी एक शिकाऊ बाई होती माझ्याकडे, चाळिशीची, स्टिअरिंग असं गच्च धरायची की हाताला घाम. तिला म्हटलं, आज आपण हळू चालवायचा सराव करू. फार कठीण असतं बरं का हळू चालवणं, वेगात कुणीही चालवतो. आणि घेतली गाडी तुमच्या ग्रुपच्या मागे. नदीकडचा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, मोकळा. पुढे तुमची ती सगळी रंगीबेरंगी मंडळी आणि मागे आमची गाडी, वर पाटी, 'शिकाऊ चालक'. आधी मला ही ओळखूच आली नाही. मी मागच्या घोळक्यात शोधत होतो, जाड्या, धापा टाकणाऱ्या बायकांत. ही पुढे होती. पार पुढे, एका उंच माणसाच्या बरोबरीने, आणि — कसं सांगू, हिचं चालणं मला पाठ आहे, जरा वाकून, घाईघाईने, काहीतरी गॅसवर राहिल्यासारखं. इथे तसं काही नव्हतं. पाठ सरळ. हात असे सैल. बोलतही नव्हती ती त्या माणसाशी, कुणाशीच नाही, नुसती पळत होती. मी बघत बसलो. तुम्हाला सांगतो, इतकी वर्षं या धंद्यात आहे, बाजूच्या सीटवर बसून माझी नजर रस्त्यावरून हलली नाही कधी. ती शिकाऊ बाई म्हणाली, सर, त्या नारिंगी जाकीटवाल्या ओळखीच्या आहेत का तुमच्या? मी म्हटलं, नाही. समोर बघा.

का नाही म्हटलं? आता बायकोच्या मागे गाडी घेऊन फिरतोय असं सांगू शिकाऊ माणसाला? धंदा आहे माझा.

म्हणून मग मी आलो इथे. म्हटलं, आपणही पळू, त्यात काय. शाळेत पळायचो मी. घेतले तुमचे बूट, हिच्याच कंपनीचे, सगळ्यात महागातले. तो दाढीवाला म्हणाला, हे बूट तुम्हाला पुढे ढकलतात सर. हिला सांगितलं नाही. रविवारी ही गेल्यावर मागून निघालो आणि उभा राहिलो इथे दुकानाबाहेर, तुमच्या घोळक्यात. तिने बघितलं मला. काय म्हणावं बायकोने अशा वेळी? आनंद नको व्हायला? म्हणाली, आलात? सावकाश पळा हं, पहिल्या दिवशी त्रास होतो. आणि गेली पुढे, पुढच्या लोकांत. मला तुमच्या माणसाने मागे ठेवलं, आरामात पळणाऱ्यांत. एक रिटायर्ड मास्तर, एक बाळंतपणातून उठलेली मुलगी आणि मी.

आता रस्त्यावर माझं लक्ष असतंच, ती सवय आहे, ती काही बूट बदलले म्हणून जात नाही. पुढे चौक होता. मी हिला ओरडून सांगितलं, डावीकडून घे. घेतलं नाही तिने. मी म्हटलं, हळू, उतार आहे पुढे. मग गटाराचं झाकण होतं एक, वर आलेलं, मी ओरडलो, झाकण बघ, झाकण, लक्ष कुठे आहे तुझं? काळजीने म्हणतो हो माणूस. सगळे वळून बघायला लागले. ती थांबली. मागे आली माझ्यापर्यंत, चालत, कपाळावरचा घाम पुसत. मला वाटलं, आता चिडेल. चिडली असती तर मला जमलं असतं काहीतरी. ती अगदी हळू म्हणाली, "इथे नका ना. घरी बोला काय बोलायचं ते. मी घरी ऐकते. इथे नका."

मी घरी काय बोलतो? तुम्हीच सांगा, मी काय बोलतो घरी? भाजी कशी चिरावी, कपडे कुठे टाकावेत, बस कुठली पकडावी, ते सांगतो. कुणीतरी सांगायला नको? त्या मास्तराने आणि त्या मुलीने ऐकलं सगळं. तो मास्तर मला म्हणतो, चला साहेब, आपण आपल्या गतीने जाऊ. आपल्या गतीने. मी म्हटलं, बघतोच. आणि सुटलो. त्या वेळी खरंच तुमच्या बुटांनी ढकललं मला, खोटं कशाला बोलू. मास्तर मागे, आरामवाले मागे, मधले लोक मागे टाकले, हिचं जाकीट जवळ जवळ यायला लागलं — पाच पावलं राहिली असतील, आणि फुटपाथच्या कडेला पाय लागला. हे जे घासलंय ना पुढे, ज्यावर मघापासून तुम्ही बोट फिरवताय, ते तेव्हाचं. गुडघा फुटला, तळहात सोलले. शिकवतो मी लोकांना, नजर लांब ठेवा. माझी नजर पाठीवर होती तिच्या.

ती आली लगेच. धावतच आली, ते नाकारत नाही मी. गुडघ्यावर पाणी ओतलं, रुमाल बांधला, वाकवून बघायला लावला. हाड नाही मोडलं, म्हणाली. त्या उंच माणसाने टॅक्सी थांबवली. मला बसवलं मागे. मी सरकलो ना पलीकडे, तिच्यासाठी जागा करून. तिने दार लावलं. बाहेरून. खिडकीतून ड्रायव्हरला पत्ता सांगितला, म्हणाली, खड्डे चुकवून न्या, यांना लागलंय. मला म्हणाली, फ्रिजमध्ये बर्फ आहे, लावा, मी येते संपवून. काय संपवून? पळणं. तिचं पळणं राहिलं होतं. नवरा रक्तबंबाळ — बरं, खरचटलेला, पण नवरा — आणि ती बसली नाही हो गाडीत. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता. पट्ठ्या गिअर चुकीचा टाकून चालवत होता सगळ्या रस्त्याने आणि मी त्याला एक शब्द बोललो नाही.

घरी आली, अंघोळ केली, मग नीट मलमपट्टी केली माझी. छान केली. फुंकर मारत मारत औषध लावलं, पूर्वी मुलीला लावायची तसं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. सॉरी तरी म्हणेल. पट्टी चिकटवता चिकटवता म्हणाली, पुढच्या आठवड्यात मोठी शर्यत आहे, दुसऱ्या शहरात, मी ग्रुपबरोबर चाललेय, सुट्टी टाकलीय. मी म्हटलं, मला विचारलं नाहीस. म्हणाली, "नाही विचारलं." एवढंच. डबी बंद केली औषधाची. मी म्हटलं, मीही येतो मग, गाडीने नेतो तुला, तिथे बाहेर थांबेन. तर माझ्याकडे बघितलं तिने — राग नाही, काही नाही, चष्मा घालून बघणाऱ्या माणसाकडे बघतात तसं, बसतोय की नाही नाकावर — आणि म्हणाली, "नको. तुम्ही असलात की मी मागे बघत राहते."

आता याचा अर्थ काय? तुम्ही बाईमाणूस आहात, तुम्ही सांगा. — राहू द्या, नका सांगू. असली वाक्यं तुम्हीच शिकवता त्यांना, इथे रविवारी बूट बांधता बांधता.

परवा गेली. गुडघ्याची पट्टी कशी बदलायची ते मला तीनदा सांगून गेली. घर — घर ठीक आहे. जेवण जमतं मला. सकाळी सवयीने म्हटलं, दूध उतू जातंय बघ, आणि स्वयंपाकघरात मीच उभा. म्हणून म्हटलं, तुमचं दुकान उघडतं लवकर, जाऊन हे देऊन येऊ, घरात दारातच पडलेत, येता-जाता पायात येतात.

काय? घासलेले घेता येत नाहीत? मग पाटी कशाला लावलीत? पळून बघा म्हणता, पळलं की घासणारच. बोलवा तुमच्या मॅनेजरला. — कुठे गेलेत? शर्यतीला. ग्रुप घेऊन तेच गेलेत. उंच आहेत का हो ते? हां. म्हणजे तेच. बरं. नाही, काही नाही, सहज विचारलं. टॅक्सी त्यांनीच थांबवली होती. सभ्य माणूस वाटला. मग कधी येतील, उद्या? मी थांबतो तोवर — उद्यापर्यंत नाही हो, जरा बसतो म्हणतोय. हे स्टूल बसायला आहे की तेही अनुभवासाठी?

थांबा. फोन. — मुलीचा आहे. फोटो पाठवलाय.

पोचली. ही पोचली. गळ्यात पदक घातलंय, केस सगळे चिकटलेत कपाळाला, बाजूला कुणीतरी डोळे मिटून उभी आहे, ही हसतेय. दात दिसतायत इतकी. — नाही, मला नाही पाठवला. तिने मुलीला पाठवला, मुलीने मला. खाली लिहिलंय, बाबा, आईला आज काही सांगू नका, नुसता फोन करा. बघा आता, काहीही न सांगता फोन कसा करायचा? फोन उचलून माणूस काय करतो?

हो, शर्यत पूर्ण केलीय. सगळी. किती वेळात ते विचारू नका, मला कुणी कळवलेलं नाही. — अहो नाही दाखवत फोटो, तुम्हाला कशाला दाखवू? जा, ते गिऱ्हाईक कधीचं ताटकळतंय. जा म्हटलं ना. मी काही बोलणार नाहीये आता.