आगाराच्या भिंतीवरून उतरवलेला फ्लेक्स

जबाब देणार : सीटकव्हरवाल्यांची थोरली मुलगी, वय तेवीस वर्षे. शिक्षण : पदवी, शिवाय ध्वनिमुद्रणाचे प्रमाणपत्र. धंदा : कार्यक्रमांना स्पीकर व माइक लावण्याचे रोजंदारी काम. (अंमलदार साहेबांनी आधी फ्लेक्सवर छापलेला धंदा लिहिला होता. तो माझा नाही, म्हणून माझ्या सांगण्यावरून खोडला आहे.) राहणार : बस आगारासमोर, वडिलांच्या दुकानावरची खोली.

मी आज आपण होऊन पोलीस ठाण्यात आले असून समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी आई, वडील व धाकटा भाऊ यांच्यासह राहते. वडील दुचाकींच्या व गाड्यांच्या सीटना कव्हर शिवतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे कोणता कोर्स घ्यावा, कोणता नाही, हे विचारायला घरात कोणी नव्हते. छापलेले असेल ते खरे, असे आम्ही धरून चाललो.

दोन वर्षांपूर्वी मी शहरातल्या एका खासगी फिल्म स्कूलमध्ये (पुढे 'संस्था') ध्वनिमुद्रणाच्या सहा महिन्यांच्या कोर्सला प्रवेश घेतला. फी एक लाख ऐंशी हजार होती. वडिलांनी दुकानातले दुसरे शिलाई मशीन विकले, उरलेले पैसे काकांकडून घेतले. मशीन गेले तसा त्यावर बसणारा कारागीरही गेला. तेव्हापासून दोघांचे काम वडील एकटे करतात. काकांचे पैसे अजून फिटलेले नाहीत.

माझ्याकडून कोणावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगते की, प्रमाणपत्र बनावट नाही. आवाजाचे सर मनापासून शिकवायचे. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी रिकाम्या खोलीचा आवाज ऐकून घ्यायचा, हे मी त्यांच्याकडून शिकले आणि आजही तसेच करते. त्यांचा पगार थकला म्हणून ते चौथ्या महिन्यात सोडून गेले. पुढे आम्हाला यंत्रांवरची धूळ पुसायला आणि जुनी चित्रीकरणे बघायला बसवले. फी कमी केली नाही.

कोर्सनंतर काम मिळवून देऊ, असे प्रवेशाच्या वेळी सांगितले होते. ते काम म्हणजे एका जाहिरातीच्या चित्रीकरणावर एक दिवस माइकची काठी धरून उभे राहणे. त्याचे दोन हजार मिळाले. त्यानंतर संस्थेचा फोन आला नाही. मी स्वतः स्टुडिओंचे उंबरे झिजवले. प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेत असे, पण ते बाहेर काढायची वेळ एकदाही आली नाही. एकाने स्वतःचा माइक आहे का विचारले, दुसऱ्याने गाडी आहे का विचारले. सध्या ज्यांचे स्पीकर लावते त्या मालकांनी वजन उचलता येते का, एवढेच विचारले. येते म्हणाले. महिन्यातले आठ-दहा दिवस काम असते व दिवसाचे सहाशे मिळतात.

गेल्या महिन्यात आगाराच्या भिंतीवर, आमच्या दुकानाच्या बरोबर समोर, संस्थेचा फ्लेक्स लागला. त्यावर माझा फोटो आहे. प्रमाणपत्र वाटपाच्या दिवशी संस्थेचा हेडफोन गळ्यात अडकवून तो काढला होता. हेडफोनची वायर कशालाच जोडलेली नव्हती, तिचे लोंबते टोक फ्लेक्सवर स्पष्ट दिसते. खाली छापले आहे : 'आमची विद्यार्थिनी, आज साउंड डिझायनर. कमाई दरमहा साठ हजार.' मला कोणी विचारले नव्हते.

मी दुसऱ्याच दिवशी संस्थेत गेले. हा आकडा कुठून आला, असे संचालकांना विचारले. ते हसून म्हणाले, "एका दिवसाचे दोन हजार मिळाले होते ना? तीसने गुणा."

मी म्हणाले, "सर, तो एकच दिवस होता."

त्यावर ते म्हणाले की, बाकीचे एकोणतीस दिवस मिळवणे ही विद्यार्थ्याची जबाबदारी, ते अभ्यासक्रमात येत नाही. शिवाय माझी फुकट जाहिरात होत असताना मी तक्रार कसली करते, असेही म्हणाले. मी लेखी अर्ज दिला. पोच मागितली, ती दिली नाही.

घरी येऊन वडिलांना सांगितले. मी महिन्याला किती आणते हे त्यांना पैन्‌पै माहीत आहे, कारण ते मी त्यांच्याच हातात देते. तरी ते म्हणाले, "असू दे गं. आकडा खोटा असेल, फोटो तर झकास आलाय." येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सुई तशीच धरून समोर दाखवत, ती आमची थोरली म्हणून. मी त्यांना अडवले नाही. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही, हे मुद्दाम लिहून घ्यावे.

त्या गिऱ्हाइकांत शाळेची व्हॅन चालवणाऱ्या एक ताई होत्या. त्या व्हॅनच्या सीट बदलायला आल्या होत्या. वडिलांनी त्यांनाही फ्लेक्स दाखवला. परवा त्या नव्या सीटचे पैसे द्यायला आल्या तेव्हा पतपेढीतून व्हॅनवर कर्ज काढून आल्या होत्या. मुलीला त्याच कोर्सला घातले, पहिला हप्ता भरला, दुसरा सोमवारी भरायचा, असे त्यांनी सांगितले. आता फी दोन लाख दहा हजार झाली आहे. त्या वडिलांना म्हणाल्या, "काका, तुमच्या पोरीकडे बघूनच धाडस केलं. नाहीतर आपली कुठली एवढी उडी?"

मी शेजारीच उभी होते. मी माझी खरी कमाई त्यांना सांगितली. त्या माझ्याकडे, मग फ्लेक्सकडे, मग वडिलांकडे बघत राहिल्या. वडील खाली मान घालून सीट शिवत राहिले. ती टाके घातलेली शिवण नंतर त्यांना उसवावी लागली. ताई संस्थेत गेल्या, तेव्हा पहिला हप्ता परत मिळणार नाही, असे त्यांना सांगण्यात आले.

आज सकाळी बस सुटायच्या वेळी, सर्वांच्या देखत, मी फ्लेक्स उतरवला. शिडी मालकांकडून मागून आणली होती. दोऱ्या दुकानातल्या कात्रीने कापल्या. एका ड्रायव्हरने बस थांबवून विचारले, "काय गं, स्वतःलाच उतरवतेस होय?" मी हो म्हणाले. फ्लेक्स कुठेही फाडलेला नाही. गुंडाळून थेट ठाण्यात आणला. त्यामुळे चोरीचा आरोप मला मान्य नाही. कापड आणि छपाई त्यांची असेल, ती त्यांनी न्यावी. चेहरा माझा आहे.

मी बाकावर बसले असताना संस्थेचे व्यवस्थापक चोरीची तक्रार द्यायला आले. ते मला बाजूला घेऊन म्हणाले की, माफीनामा लिहून दिल्यास तक्रार करणार नाहीत, आणि महिना बारा हजारांवर संस्थेत नोकरीही देतील. काम एवढेच की, चौकशीला येणाऱ्या पालकांशी बोलायचे. "तुमचा चेहरा बघून लोकांचा विश्वास बसतो," असे ते म्हणाले.

मी त्यांना सांगितले, "बसतो, म्हणूनच उतरवला."

बारा हजार हे माझ्या आजच्या कमाईच्या दुप्पट आहेत. मी हिशेब न करता नाही म्हणाले असे नाही. करूनच म्हणाले. दीड वर्षात या प्रमाणपत्रावर मला चालून आलेली ही पहिली नोकरी, आणि तिचे काम काय, तर पुढच्याला प्रमाणपत्र विकायचे. माफीनामा मी लिहून देणार नाही. माझा फोटो आणि खोटा आकडा छापून लोकांकडून पैसे घेतल्याबद्दल माझी संस्थेविरुद्ध तक्रार आहे. ती सोमवारच्या आत नोंदवावी आणि ताईंचा पहिला हप्ता परत मिळावा. माझ्या फीबद्दल मी आज काही मागत नाही.

शिडी उंच होती, तेव्हा खालून ती कोणी धरली, असे मला विचारण्यात आले. त्याबाबत मला काही सांगायचे नाही.

कात्री जप्त न करता परत मिळावी. तिच्यावाचून दुकान उघडता येत नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. वाचन मोठ्याने झाल्याने बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या वडिलांनाही ते ऐकू गेले. शिडीच्या वाक्यानंतर ते आत आले आणि अंमलदार साहेबांना म्हणाले, "शिडी मी धरली होती. तेवढं लिहून घ्या." मी त्यांना बाहेर बसायला सांगितले. ते बसले नाहीत. त्यांच्यासमोर हा मजकूर वाढवला. तोही खरा आहे.